यंत्राला आपली पायरी कशी कळते?

दिवाळी झाली की आमच्या वर्धा जिल्ह्यात कापसाच्या गाड्या रस्त्याला लागतात. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी, कुठेही जा, जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यासमोर बंड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग दिसते. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात त्या गावाच्या नावानेच बाजारात ओळखला जाई. आज आपण या कापसाच्या शेतीविषयी किंवा भावाविषयी बोलणार नाही. कारखान्याच्या एका कोपऱ्यात उभ्या असलेल्या गाठी बांधण्याच्या प्रेसविषयी बोलणार आहोत. कारण स्वयंचलित यंत्राला एकामागून एक कामे कशी शिकवतात, हे समजून घ्यायला तिच्याइतके चांगले उदाहरण मला दुसरे सुचत नाही.

जिनमध्ये कापसातून सरकी वेगळी होते आणि रुई उरते. रुई वजनाने कापसाच्या साधारण एक तृतीयांश असते. आपल्या देशातील प्रमाण गाठ १७० किलोग्रॅमची, म्हणजे एका गाठीसाठी सुमारे पाच क्विंटल कापूस लागतो. पिंजल्यासारखी फुगलेली ही रुई दाबून एका पेटीच्या आकारात आणायची, तर प्रचंड बल हवे. ते तेलाच्या दाबाने मिळते. पास्कलचा नियम तुम्ही शिकला आहातच. समजा, दट्ट्याचा व्यास ३० सेंटिमीटर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर होईल. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोग्रॅम-भार असला, तर दट्ट्यावरील बल एक लाख किलोग्रॅम-भाराच्या वर जाते. शंभर टन! दाबलेली रुई गप्प बसत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. ती दाबलेल्या स्प्रिंगसारखी असते. पोलादी पट्ट्यांनी बांधण्यापूर्वी दट्ट्या उचलला, तर ती उसळून फुगते, आणि त्या वेळी पट्टी ओवणाऱ्या कामगाराचे हात तिथेच असू शकतात.

आता प्रेसची रचना पाहू. खऱ्या प्रेसमध्ये बारकावे पुष्कळ असतात आणि प्रत्येक कंपनीचे यंत्र थोडे निराळे असते; म्हणून मी तिचे सोपे रूप घेतो. एका फिरत्या बैठकीवर समोरासमोर दोन पेट्या बसवल्या आहेत. एका पेटीत रुई पडते आणि एक लहान दट्ट्या ती चेपत राहतो. त्याच वेळी दुसऱ्या बाजूच्या भरलेल्या पेटीवर मोठा दट्ट्या खाली येतो. रुई पुरेशी दाबली गेली की पेटीचे दार उघडते, कामगार पट्ट्या बांधतात, दट्ट्या वर जातो, गाठ बाहेर ढकलली जाते, दार बंद होते. दोन्ही बाजूंचे काम आटोपले की बैठक अर्धी फेरी फिरते. भरलेली पेटी मोठ्या दट्ट्याखाली येते आणि रिकामी पेटी भरणीकडे जाते. २००० साली केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान मोहीम सुरू केली. तिच्यातून देशभरच्या जुन्या कारखान्यांच्या आधुनिकीकरणाला मदत मिळाली आणि अशा स्वयंचलित प्रेस पुष्कळ ठिकाणी आल्या.

हे सर्व कोण ठरवते? भिंतीवरच्या लोखंडी कपाटात बसलेला एक छोटा संगणक. कारखान्यात त्याला सगळे पीएलसी म्हणतात. आपण त्याला नियंत्रक म्हणू. त्याला डोळे नाहीत. दट्ट्या अगदी वर पोहोचला की एक स्विच दाबला जातो, अगदी खाली पोहोचला की दुसरा. दार उघडल्याचा एक स्विच, बंद झाल्याचा एक. तेलाचा दाब ठरावीक आकड्यावर गेला की आणखी एक. कामगारांच्या हाताशी बटणे असतात ती निराळी. एवढ्या 'हो-नाही'च्या खबरांवरून त्याने झडपा उघडायच्या आणि मोटारी चालू-बंद करायच्या.

पहिल्या विचारात हे सोपे वाटते. 'अमुक स्विच दाबला गेला असेल तर तमुक झडप उघड' असे नियम लिहिले की झाले! विद्यार्थी मित्रांनो, इथेच थांबा आणि एक प्रश्न स्वतःला विचारा. पुलगाव स्टेशनवर एक गाडी उभी असल्याचा फोटो मी तुम्हाला दाखवला. इंजिन फोटोत आलेले नाही. ती गाडी नागपूरकडे निघाली आहे की मुंबईकडे? फोटोवरून सांगता येणार नाही. ती मागच्या स्टेशनवर कुठे होती, हे माहीत असेल तरच सांगता येईल.

प्रेसचेही तसेच आहे. दट्ट्या मधोमध असताना वरचाही स्विच मोकळा आणि खालचाही मोकळा. तो खाली चालला आहे की वर? त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. दट्ट्या खाली, दाब पूर्ण, दार उघडे. ही स्थिती एकाच फेरीत दोन वेळा असते: दार नुकतेच उघडले आहे आणि पट्ट्या बांधायच्या आहेत, ही एक वेळ, पट्ट्या बांधून झाल्या आहेत, ही दुसरी. यंत्रावरचा एकही स्विच या दोन वेळांतला फरक सांगत नाही. 'दट्ट्या खाली आणि दार उघडे असेल तर दट्ट्या वर घे' असा नियम कुणी लिहिला, तर न बांधलेली गाठ मोकळी सुटेल. म्हणजे नियंत्रकाला सध्याच्या खबरा पुरत नाहीत. आपण कामाच्या कोणत्या पायरीवर आहोत, याची आठवण त्याला ठेवावी लागते.

ही आठवण ठेवण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे फिरणारा रूळ. खुंट्या बसवलेला रूळ सावकाश फिरतो आणि खुंट्या एकेक कळ दाबत जातात. संगीत वाजवणारी डबी अशीच असते. जुन्या कपडे धुण्याच्या यंत्रातील चकतीही त्याच जातीची. हा उपाय घड्याळावर चालतो. आठ सेकंद झाले की पुढची पायरी, मग मागचे काम पुरे झालेले असो वा नसो. थंडीत तेल घट्ट झाले आणि दट्ट्या हळू उतरला, तरी दार वेळेवर उघडणारच. प्रेससाठी हे चालणार नाही. तिला घड्याळ नको, घटना हवी: दाब पूर्ण झाला, आता पुढे जा.

मग रिले आले. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने ओढला जाणारा स्विच. एकदा ओढला गेला की स्वतःच्याच संपर्कातून स्वतःला ओढून धरण्याची सोय त्याला करता येते, आणि हीच त्याची आठवण. मोठ्या यंत्राला असे शेकडो रिले लागत. पायऱ्यांचा क्रम बदलायचा तर तारा उपटून पुन्हा जोडाव्या लागत. मोटारी बनवणाऱ्या जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीला दरवर्षी नवे मॉडेल काढताना हाच ताप होता. तिच्या एका विभागाने १९६८ साली रिलेच्या जागी चालेल अशा इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाची मागणी केली. डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये असा नियंत्रक दिला. त्याचे नाव मोडिकॉन ०८४. त्यांच्या संस्थेचा तो ८४ वा प्रकल्प होता, म्हणून ०८४. तारांच्या जागी आता प्रोग्रॅम आला. इलेक्ट्रिशियनांना सवय होती म्हणून तो प्रोग्रॅम रिलेच्या आकृतीसारखाच, शिडीच्या रूपात, लिहीत.

शिडी चांगली, पण तिच्यात एक अडचण राहिली. आठवण ठेवणाऱ्या पायट्या शिडीभर विखुरलेल्या असतात. पन्नासाव्या पायटीतील गोष्ट सातवीवर अवलंबून, सातवी बत्तिसावीवर. यंत्र अडले, की कोठे अडले हे शोधायला सगळी शिडी चढावी-उतरावी लागते.

या गोंधळावरचा उपाय फ्रान्समध्ये निघाला. तेथील शिक्षक आणि कारखान्यांतील अभियंते यांच्या एका गटाने १९७५ पासून विचार करून १९७७ मध्ये एक आकृती-पद्धत मांडली. तिचे नाव ग्राफसेट. तिच्या मुळाशी कार्ल आडाम पेट्री या जर्मन गणितज्ञाने १९६२ च्या प्रबंधात मांडलेल्या जाळ्यांची कल्पना आहे. १९८८ मध्ये तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले, आणि १९९३ मध्ये नियंत्रकांच्या प्रोग्रॅम-भाषांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणातही तिच्यावर आधारलेल्या पद्धतीला जागा मिळाली. आज जगभर ती वापरली जाते.

पद्धत इतकी साधी आहे, की ती शाळेत का शिकवत नाहीत असे मला नेहमी वाटते. प्रत्येक पायरीसाठी एक चौकोन काढा. चौकोनाच्या उजवीकडे, त्या पायरीवर यंत्राने काय करायचे ते लिहा. एका चौकोनाकडून दुसऱ्याकडे उभी रेघ ओढा, तिच्यावर छोटी आडवी रेघ मारा आणि तिच्याशेजारी पुढे जाण्याची अट लिहा. सुरुवातीच्या पायरीचा चौकोन दुहेरी रेघेचा. आमच्या प्रेसची दाबणीची बाजू अशी दिसेल:

पायरी ११: दट्ट्या खाली आण. अट: दाब पूर्ण.
पायरी १२: दार उघड. अट: दार पूर्ण उघडले.
पायरी १३: काही करू नकोस, दाब धरून ठेव. अट: कामगाराने 'पट्ट्या बांधल्या' हे बटण दाबले.
पायरी १४: दट्ट्या वर ने. अट: दट्ट्या पूर्ण वर.
पायरी १५: गाठ बाहेर ढकल. अट: गाठ बाहेर पडली.
पायरी १६: दार बंद कर. अट: दार बंद.
पायरी १७: वाट पाहा.

आता नियम. एकेरी लोहमार्गावर पूर्वी गाडीच्या चालकाला स्टेशनमास्तर एक गोळा देत असे. गोळा हाती असेल तरच पुढच्या टप्प्यात गाडी न्यायची. आपल्या आकृतीतही असाच एक गोळा आहे, असे समजा. तो ज्या पायरीवर आहे तीच पायरी जागी, बाकीच्या झोपलेल्या. जागी पायरी आपले काम करते आणि फक्त आपल्या खालच्या अटीकडे लक्ष ठेवते. अट पुरी झाली की गोळा पुढच्या पायरीवर जातो, आणि मागची पायरी त्याच क्षणी झोपते. बस्स, एवढेच!

आता मघाचा प्रश्न पुन्हा पाहा. दट्ट्या खाली आणि दार उघडे, ही खबर पायरी १३ वर असताना येत राहिली तरी दट्ट्या हलणार नाही, कारण दट्ट्या वर नेणारी पायरी १४ झोपलेली आहे. तिला जागे करणारी एकच गोष्ट आहे: माणसाने दाबलेले बटण.

नियंत्रकाच्या आत हे कसे घडते? प्रत्येक पायरीसाठी स्मृतीत एकच घर असते, त्यात १ किंवा ०. नियंत्रक सतत एक फेरी मारत असतो: आधी सर्व स्विचांच्या खबरा वाचायच्या, मग अटी तपासून गोळे हलवायचे, मग झडपांना आणि मोटारींना हुकूम द्यायचे. ही फेरी काही मिलिसेकंदांत पुरी होते आणि लगेच पुढची सुरू होते.

या वेगामुळेच एक खोडी होते. समजा, घाईतल्या कामगाराने 'पट्ट्या बांधल्या' हे बटण काडी खुपसून कायमचे दाबून ठेवले. गोळा पायरी १३ वर आला रे आला, की अट आधीच पुरी! पुढच्याच फेरीत, पापणी लवण्याच्या आत, पायरी १४ जागी होते. आकृती कागदावर अचूक आहे, पण पायरी १३ असून नसल्यासारखी झाली. म्हणून जाणता प्रोग्रॅम लिहिणारा 'बटण दाबलेले आहे' अशी अट लिहीत नाही. 'ही पायरी जागी झाल्यावर बटण मोकळे होते आणि मग दाबले गेले' अशी लिहितो. पुष्कळ यंत्रांवर एकमेकांपासून लांब असलेली दोन बटणे दोन्ही हातांनी जवळजवळ एकाच वेळी दाबावी लागतात, त्याचे कारण आता तुमच्या ध्यानात येईल. बटणांवर असलेले हात गाठीजवळ असू शकत नाहीत.

भरणीची बाजू थोडक्यात सांगतो. पायरी १: रुई भर आणि चेप, अट: पेटी भरली आणि लहान दट्ट्या वर आहे. पायरी २: वाट पाहा. गंमत आहे ती दोन्ही बाजू एकदम चालण्यात. आकृतीत तिथे आडवी दुहेरी रेघ काढतात. एक गोळा त्या रेघेपाशी आला की त्याचे दोन होतात, एक भरणीकडे जातो, एक दाबणीकडे. खाली पुन्हा दुहेरी रेघ असते; तिथे मात्र दोन्ही गोळे वाट पाहण्याच्या पायऱ्यांवर पोहोचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. भरणी आधी संपो की बांधणी, जो आधी येईल तो थांबेल. मग दोहोंचा पुन्हा एक गोळा होतो आणि पायरी २१ वर अडकण निघून बैठक फिरते, पायरी २२ वर अडकण परत बसते. दिवसाच्या पहिल्या फेरीत दाबणीच्या बाजूची पेटी रिकामी असते, त्या वेळी काय? तिथे वाट फुटते: पेटी रिकामी असेल तर गोळा थेट पायरी १७ वर, नाहीतर ११ वर. ही फूट एकेरी रेघेने दाखवतात, कारण गोळा एकच राहतो आणि एकाच वाटेने जातो. एकेरी आणि दुहेरी रेघेतला हा फरक विसरलात, तर एक तर यंत्र अडून बसेल नाहीतर दोन कामे भलत्या वेळी एकत्र होतील.

या पद्धतीचा खरा फायदा यंत्र बंद पडल्यावर कळतो. हंगामात रात्री दोन वाजता प्रेस थांबली. जोडारी विचारतो, "कोणत्या पायरीवर?" पडद्यावर ११ दिसते. म्हणजे दाब पूर्ण झाल्याची खबर आलेली नाही. तेल कमी असेल, पंप दमला असेल किंवा दाबाचा स्विच बिघडला असेल. तीन-चार जागा तपासल्या की झाले. दाराचा आज काही संबंध नाही. चांगल्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पायरीला जास्तीत जास्त किती वेळ लागावा तेही लिहिलेले असते. तेवढ्यात अट पुरी झाली नाही तर यंत्र थांबते आणि भोंगा वाजवते.

पण पायऱ्यांच्या आकृतीवर सगळा भार टाकणे चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आकृती सांगते, यानंतर काय. 'हे कधीच होता कामा नये' ही गोष्ट निराळी आहे. दार उघडे असताना बैठक फिरू नये, हा नियम सर्व पायऱ्यांना लागू आहे; तो आकृतीबाहेर, स्वतंत्रपणे लिहायचा. आणि धोक्याच्या वेळचे लाल बटण तर प्रोग्रॅमवर विसंबूनच नसावे. ते पंपाची आणि झडपांची वीज स्वतंत्र तारेने तोडते. तरीही भौतिकशास्त्र विसरू नका. वीज तोडली म्हणजे बल नाहीसे होत नाही. झडपा बंद झाल्या की तेल नळकांड्यात कोंडून राहते, दाबलेल्या रुईतील स्थितिज ऊर्जा तशीच राहते. म्हणून दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विचला कुलूप लावायचे आणि तेलाचा दाबही पद्धतशीरपणे उतरवायचा असतो.

आणि मधेच वीज गेली तर? आमच्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. काही स्मृती वीज गेली तरी टिकते, काही पुसली जाते. पुसली गेली तर परत आल्यावर गोळा सुरुवातीच्या पायरीवर जाणार, आणि दट्ट्या मात्र गाठीवर बसलेला. टिकली तर यंत्र जिथे होते तिथून आपोआप पुढे चालू लागेल, आणि मधल्या काळात अंधारात कुणी हात आत घातलेला असला तर? मला दुसरा प्रकार अधिक भीतिदायक वाटतो. योग्य रीत अशी की पायरी आठवणीत ठेवावी, पडद्यावर दाखवावी, पण सर्व झडपा बंदच ठेवाव्यात. माणसाने येऊन पाहावे आणि बटण दाबावे, तोपर्यंत काहीही हलू नये.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवतो. त्याला खडूखेरीज काही लागत नाही. बारा विद्यार्थ्यांना ०, १, २, ११ ते १७, २१ आणि २२ अशा पायऱ्या वाटून द्या. खडूचा तुकडा म्हणजे गोळा. फळ्यावर प्रेसचे चित्र काढा. शिक्षकांनी 'दाब पूर्ण', 'दार उघडले' अशा खबरा मोठ्याने सांगायच्या, मुद्दाम चुकीच्या वेळीही. ज्याच्या हाती खडू तोच कान देईल, आपली अट असेल तरच खडू पुढे देईल. दुहेरी रेघेपाशी दुसरा खडू घ्यायला विसरू नका. दोन-तीन फेऱ्या नीट झाल्या की मधेच 'वीज गेली' म्हणून सगळे खडू काढून घ्या. फळ्यावर दट्ट्या खाली आणि दार उघडे, एवढेच काढलेले असू द्या आणि विचारा, खडू कुणाचा? बारावी पायरी म्हणेल माझे काम नुकतेच संपले, तेरावी म्हणेल माझे चालू आहे, चौदावी म्हणेल माझे आता सुरू होत होते. तिघांचेही म्हणणे चित्राशी जुळते. मग कुणीतरी फळ्याजवळ जाऊन गाठीवर पट्ट्या काढलेल्या आहेत की नाहीत, ते बघावे लागेल.